वासाची चिठ्ठी

बाईंना वास येत नाही, ही गोष्ट सगळ्या जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक खुद्द बाई, आणि दुसरे त्यांचे यजमान. यजमानांच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, पण या बाबतीत बाईंनी त्यांना अशी काही तंबी दिली होती की गेले सात महिने ते शेजाऱ्यांशी हवापाण्यापलीकडे बोलतच नव्हते.

निमित्त झालं साध्या सर्दीतापाचं. ताप चार दिवसांत उतरला, सर्दी आठवड्यात गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. नाक राहिलं ते चष्मा टेकवण्यापुरतं. डॉक्टरांनी आत उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, "येईल. कधीकधी येतो परत. कधीकधी नाही येत." एवढं सांगायला इतकी वर्षं शिकावं लागतं का, असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं.

दुसऱ्या कोणाला याचं फारसं काही वाटलं नसतं. गणिताच्या सरांचा वास गेला असता तर पावसाळी मोज्यांतून सुटलो म्हणून त्यांनी हातच जोडले असते. पण बाई शिकवायच्या गृहकौशल्य. नववी-दहावीच्या मुलामुलींना स्वयंपाक, कपड्यांची दुरुस्ती, फ्यूज बदलणं, तान्ह्या बाळाची आंघोळ, आजाऱ्याची सेवा आणि शेवटी नोकरीचा अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीला कसं बसायचं, असं सगळं. बाकीचे शिक्षक त्याला 'घरकामाचा तास' म्हणून नाकं मुरडायचे आणि दुपारी मात्र त्याच खोलीत चहाला यायचे. त्या खोलीत सहा टेबलं, सहा शेगड्या, सहा सिलिंडर आणि एका वेळी चोवीस मुलं.

आणि होता एक फॉर्म. गॅसच्या खोलीची जबाबदारी ज्याच्यावर, त्यानं दरवर्षी तब्येतीचा फॉर्म भरायचा. सातव्या ओळीत सरळ विचारलेलं होतं, वास घेण्याची क्षमता आहे का. यंदा बाईंनी तिथे 'आहे' असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि दोन दिवस त्यांना धड जेवण गेलं नाही. 'नाही' लिहिलं असतं तर काय झालं असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तीन वर्षांपासून त्या खोलीवर कॉम्प्युटरसाठी डोळा ठेवून होत्या. विषय शिकवायला दुसरं कोणी नव्हतं. खोलीला कुलूप लागलं असतं, आणि बावीस वर्षं ती खोली चालवलेल्या बाईंना ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना डिंक लावत बसावं लागलं असतं. ते त्यांना सोसवणारं नव्हतं. सरळ सांगायचं तर त्या खोलीबाहेर आपण कोणीच नाही, असं त्यांना वाटायचं.

म्हणून त्यांनी वासाची उणीव हातांनी भरून काढायची असं ठरवलं. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी त्या एका वाटीत साबणाचं पाणी कालवायच्या आणि ब्रशनं प्रत्येक नळीला, प्रत्येक सांध्याला फासायच्या. बुडबुडा आला तर गळती. मग सहाही शेगड्यांची बटणं हातानं दाबून बघायच्या, आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा परत यायच्या. कधीकधी तीनदा. घरीही तेच. दर दहा मिनिटांनी "अहो, कसला वास येतोय का?" यजमान पेपरातून मान न काढता म्हणायचे, "बत्तीस वर्षांत माझ्या नाकाला कोणी विचारलं नाही. आता बघ कसा भाव आलाय." बाईंना हसू यायचं नाही.

पहिल्याच महिन्यात त्या पकडल्या जाता जाता वाचल्या. दोन नंबरच्या टेबलावर दूध लागलं होतं आणि बाई त्याच टेबलाला टेकून पोषणाच्या गोष्टी सांगत होत्या. एक मुलगा नाक धरून म्हणाला, "बाई, दूध लागलंय! तुम्हाला वास नाही आला?"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पण शिक्षक तो शिक्षक. पापणीही न हलवता त्या म्हणाल्या, "मला केव्हाच आलाय. तुम्हाला कधी कळतंय तेच बघत होते."

खोट्याला पाय नसतात म्हणतात. या खोट्याला मात्र चांगले चार फुटले. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी नवा नियमच काढला. खोलीत शिरल्यावर प्रत्येकानं दोन मिनिटं शांत उभं राहायचं, वास घ्यायचा आणि काय येतंय ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. वर त्यांनी मुलांना बजावलं, "खोलीत काय आहे ते मला ठाऊक असतं. मला सांगायची गरज नाही. जो तोंडानं बोलला, त्याचे पाच गुण गेले." कारण एकानं सांगितलं की बाकीचे माना डोलावतात, आणि बाईंना चोवीस नाकांची चोवीस वेगवेगळी साक्ष हवी होती. मधूनमधून त्या स्वतःच कुठे कपाटामागे व्हिनेगरचा बोळा ठेवायच्या, कुठे जळकी चिंधी, कुठे नासकं दूध. मुलांना खेळ झाला. बाई चिठ्ठ्या वाचायच्या आणि खोलीत धोका नाही हे कळलं की मगच "सुरू करा" म्हणायच्या. त्या दोन मिनिटांत त्यांच्या पाठीवरून घामाची धार जायची, पण ती कोणाला दिसत नव्हती.

मुलांनी त्यांचं नाव 'नाकवाल्या बाई' ठेवलं. इथवर ठीक होतं. पण मोठ्या बाईंना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती वर कळवली, वरच्यांनी आणखी वर, आणि यंदाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत 'वासाची चिठ्ठी, गुण पाच' असा प्रश्नच आला. नियमही तेच उतरवले, बोलल्यास पाच गुण वजा. बाईंचं अभिनंदन झालं.

आता त्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. तिला सगळे गोगलगाय म्हणायचे. ती भाजी चिरायला घ्यायची तोवर बाकीच्यांची शिजलेली असायची. बोलायची इतकी हळू की समोरच्यानं वाक्य पुरं करून द्यावं. पण तिनं लावलेलं बटण कधी तुटलं नाही, आणि तिनं अंथरलेल्या आजाऱ्याच्या चादरीला एक सुरकुती नसायची. प्रात्यक्षिकात साठ गुण मिळवणाऱ्यांना मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात उमेदवारीची जागा मिळणार होती. गोगलगायीला ती हवी होती. दुसरीकडे कुठे तिची डाळ शिजण्यासारखी नव्हती, हे तिलाही कळत होतं आणि बाईंनाही. मागच्या सरावाला तिला एकसष्ट पडले होते.

परीक्षेच्या दिवशी बाई सात वाजताच आल्या. साबणाचं पाणी, सहा नळ्या, बारा सांधे. बुडबुडा नाही. मुलांचा वेळ जाऊ नये म्हणून सिलिंडर चालू ठेवायचे आणि शेगड्यांची बटणं बंद, अशी परीक्षेची सूचना होती, तसं त्यांनी केलं. बटणं दाबून पाहिली. दारातून परत येऊन पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा वळणार तेवढ्यात मोठ्या बाईंचं बोलावणं आलं, बाहेरचे परीक्षक आलेत, लगेच या.

त्या ऑफिसात हसतमुख उभ्या होत्या तेव्हा मोठ्या बाईंच्या हुकमानं शिपाई गॅसच्या खोलीत शिरला होता. पाहुणा यायचा म्हणून त्यानं सहाही शेगड्या घासूनपुसून लख्ख केल्या. समोरच्या रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. चांगलं मन लावून काम केलं बिचाऱ्यानं. चार नंबरची शेगडी पुसताना फडक्याबरोबर एक बटण जरासं फिरलं.

दहा वाजता मुलं आत आली आणि हात मागे बांधून आपापल्या टेबलापाशी उभी राहिली. बाहेर रस्ता फोडायचं यंत्र घरघरत होतं, त्यात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. परीक्षक धुळीमुळे नाकाला रुमाल लावून दारातच थांबले होते. नवा नियम असा होता की चिठ्ठ्या बाईंच्या हाती द्यायच्या नाहीत, थेट पाकिटात घालून परीक्षकांनी ऑफिसात मोहर लावायची. हे बाईंना पंधरा मिनिटांपूर्वी कळलं होतं.

"लिहा," बाई म्हणाल्या.

मुलांनी श्वास घेतला. बाई एकेकाचा चेहरा बघत होत्या. चेहऱ्यावरून काही कळतं का? एरवी व्हिनेगर असलं की नाकं आक्रसायची, दूध असलं की तोंडं वाकडी व्हायची. आज मात्र मुलं एकमेकांकडे चोरून बघत होती आणि डोळे चमकत होते. मॉनिटर मुलीनं तर खाली मान घालून हसू दाबलं. परीक्षेची धाकधूक असेल, बाईंनी मनाला समजावलं. मन ऐकेना. दुसऱ्या टेबलावरच्या एकानं खिडकीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. का पाहिलं त्यानं?

मॉनिटरनं चिठ्ठ्या गोळा केल्या. चार नंबरपाशी गोगलगाय अजून पहिलंच अक्षर काढत होती. "वेळ संपली गं," म्हणत मॉनिटरनं तिची चिठ्ठी ओढून घेतली. पाकीट बंद झालं. परीक्षक ते घेऊन ऑफिसकडे गेले.

आता काय करायचं? बाईंची नजर एकेका टेबलावरून फिरली. शेगड्या चकचकीत. इतक्या चकचकीत होत्या का मघाशी? सगळ्यांच्या समोर बटणं तपासत फिरावं तर मुलं विचारणार, बाई, तुम्हाला माहीत असतं ना? एका वाक्यानं काम झालं असतं. 'बाळांनो, कसला वास येतोय?' एवढंच. ते त्यांनी विचारलं नाही. सकाळी दोनदा पाहिलंय, त्या स्वतःला म्हणाल्या. दोनदा.

"सुरू करा."

कोणी हललं नाही.

चोवीसच्या चोवीस मुलं हात मागे बांधून उभी. समोर लायटर, पातेली, अंडी. एकही हात पुढे येईना.

"ऐकू नाही आलं का? सुरू करा म्हटलं."

मुलं त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात भीती नव्हती. 'आम्ही नाही फसणार' असं काहीतरी होतं. बाईंना ते उमगेना. परीक्षक येतील, मुलं खांबासारखी उभी दिसतील, मग प्रश्न येतील, मग फॉर्म निघेल, मग सातवी ओळ. त्यांच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला. भ्यालेला माणूस चिडतो, तशा त्या चिडल्या. आणि चिडल्यावर माणूस हटकून सगळ्यात गरीब गाईकडे वळतो.

त्या तरातरा चार नंबरपाशी गेल्या. "तुला काय निराळं सांगायला हवं? आधीच उशीर तुझा! हे असं धरायचं, हे असं..." त्यांनी लायटर उचलला आणि शेगडीजवळ नेला.

गोगलगायीनं त्यांचं मनगट धरलं.

असं धरलं की बांगडी हाडात रुतली. दुसऱ्या हातानं तिनं बटण आवळून बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मुलगी झटकन काही करत होती.

"बाई, नका," ती म्हणाली. "गॅस आहे. खूप आहे."

वर्गात कोणीतरी "अगं, बोलली! गेले पाच!" असं कुजबुजलं. बाईंनी ते ऐकलं, आणि त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. ते चमकणारे डोळे, ती खिडकीकडची नजर, तो बांधलेल्या हातांचा अभिमान. चोवीस जणांना वास आला होता. चोवीस जण गॅसमध्ये उभे राहून सुवाच्य अक्षरात उत्तर लिहीत होते.

"सगळे बाहेर," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "रांगेनं. कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही. दिव्याच्या नाही, पंख्याच्या नाही. चला."

मुलं शिस्तीत बाहेर पडली. बाईंनी खिडक्या उघडल्या, चोहीकडची धूळ आत आली, आणि त्या सगळ्यांच्या मागून अंगणात आल्या. त्या झाडाभोवतीच्या कट्ट्यावर बसल्या. लायटर अजून त्यांच्या मुठीत होता, तो सुटेना.

मुलं नुसती उधाणली होती. "बाई, कसलं भारी होतं!" "मी लगेच ओळखलं!" "शेवटी तर खरंच पेटवणार असं वाटलं, काय ॲक्टिंग!" गलका ऐकून परीक्षक आणि मोठ्या बाई धावत आल्या. मॉनिटरनं एका दमात सगळं सांगितलं, बाईंनी खरा गॅस सोडून परीक्षा घेतली, आम्ही कोणीच फसलो नाही.

परीक्षकांनी तिथेच पाकीट फोडलं. एकेक चिठ्ठी वाचत गेले आणि त्यांचा चेहरा फुलत गेला. "चार नंबरच्या टेबलाजवळ गॅसचा वास. चार नंबर, गॅस. गॅस. गॅस..." त्यांनी चिठ्ठ्या छातीशी धरल्या. "बाई, इतकी वर्षं परीक्षा घेतोय, असं धाडस पाहिलं नाही. जरा धोक्याचं होतं हं, पण तुमचा अंदाज पक्का असणार. नाकवाल्या बाई उगाच नाही म्हणत!"

मोठ्या बाई अभिमानानं हसल्या. बाईंच्या समोर दार सताड उघडं होतं. काही बोलायचंही नव्हतं. गप्प बसलं की झालं. चूक धाडस ठरत होती, खोली वाचत होती, फॉर्म कपाटातच राहणार होता. त्यांनी मान खाली घातली. लोक त्याला विनय समजले.

"फक्त ही एक मुलगी," परीक्षक चिठ्ठ्या चाळत म्हणाले. "हिच्या चिठ्ठीवर एक काना आणि अर्धी रेघ. म्हणजे शून्य. वर परीक्षेत बोलली, पाच वजा. नियम तुमचाच आहे, बाई. आणि शिक्षकांचा हात धरला म्हणे?"

एकसष्टातून दहा गेले की किती उरतात, हे गणित गोगलगायीनंही केलं असावं. तिचे ओठ हलले. सगळे थांबले, कारण तिला वेळ लागायचा.

"चुकलं, सर," ती म्हणाली. "मला वाटलं, बाई खरंच पेटवतायत."

सगळा वर्ग खो-खो हसला. परीक्षक हसले, मोठ्या बाईही हसल्या. मुलगी मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

"हसू नका," बाई म्हणाल्या. कोणाला ऐकू गेलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या. "हसू नका म्हटलं ना! मी खरंच पेटवत होते."

हसणं एकेका तोंडावर विरत गेलं.

"गॅस मी सोडला नव्हता. गॅस सुटलाय हेच मला माहीत नव्हतं. मला वास येत नाही. सात महिने झाले. फॉर्मवर मी खोटं लिहिलं." त्यांना वाटलं होतं, हे बोलताना जीभ झडेल. तसं काही झालं नाही. "या मुलीनं बोलून नियम मोडला नाही सर, त्या खोलीत एकटी तीच शहाण्यासारखी वागली. तिचे गुण कापायचे तर आधी हे सगळं लिहून घ्या, मी सही करते."

परीक्षकांनी खोलीच्या उघड्या खिडक्यांकडे पाहिलं, मग मुलांकडे, आणि नकळत दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी पेन काढलं, आणि गोगलगायीच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते बाईंना दिसलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. मोठ्या बाईंनी हात पुढे केला. बाईंनी कमरेची किल्ली काढून त्या हातावर ठेवली.

मुलं अजून तशीच उभी होती. त्यांना समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तसं ती एकमेकांना चिकटून उभी राहू लागली. मॉनिटर मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. वर्गात तिचं अक्षर सगळ्यात सुंदर, आणि चिठ्ठ्याही तिनंच गोळा केल्या होत्या. ती पुढे आली आणि तिला रडू फुटलं.

"पण बाई, आम्ही सगळ्यांनी लिहिलं होतं हो," ती हुंदके देत म्हणाली. "सगळ्यांनी बरोबर लिहिलं होतं."

बाईंनी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना तेल होतं, रस्त्याची धूळ होती, कसला तरी वास असणारच.

"हो गं बाळा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं बरोबर होतं."